तोंड अचानक वाकडं झालं तर

चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं, एक डोळा मिटत नाही. ‘वारं गेलं’ म्हणत घरोघरी मालिश सुरू होते आणि मोलाचे दिवस वाया जातात.

आधी कपाळ पाहा. भुवया उंचावल्यावर त्या बाजूला आठीच पडत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते. हीच बेल्स पाल्सी. आठी पडते पण तोंड वाकडं, हातपाय लुळे किंवा जीभ जड असेल तर पक्षाघाताचा झटका समजून लगेच १०८ला फोन करा. शंका असली तरी तेच करा.

बेल्स पाल्सी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ७२ तासांत सुरू व्हावं. स्कॉटलंडमधल्या २००७च्या चाचणीत नऊ महिन्यांनी ते घेणारे ९४ टक्के, न घेणारे ८२ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. मधुमेह असेल तर आधी सांगा. या गोळीने साखर वाढते.

डोळा जपणं सर्वांत महत्त्वाचं. जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरच्या ‘समर्थ’ साखर कारखान्यावर ऊस आणणाऱ्या रुग्णांच्या उघड्या डोळ्यात पाचटाची धूळ जाते. दिवसा थेंब आणि गॉगल, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद.

शेजारच्या बीडचे धनंजय मुंडे यांनी मंत्री असताना, फेब्रुवारी २०२५मध्ये, हा आजार स्वतः जाहीर केला. सलग दोन मिनिटंही नीट बोलता येत नसल्याचं त्यांनी सांगितलं होतं.