प्रवेश परीक्षेचा अभ्यास : उमेद टिकवावी कशी?

बारावी विज्ञान शाखेतील आपल्या मुलामुलींना बोर्डाच्या परीक्षेनंतर लगेच दुसऱ्या परीक्षेस सामोरे जावे लागते. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष ‘एमएचटी-सीईटी’ घेतो. बोर्डाचा शेवटचा पेपर संपला की अनेकांचे मन पुस्तकावरून उडते. घरात त्याला आळस म्हटले जाते. आम्हांस मात्र वाटते की केलेल्या श्रमाचे फळ दिसेनासे झाले म्हणजे उमेद खचते. म्हणून प्रगती रोज डोळ्यांना दिसेल, अशी अभ्यासाची रीत हवी.

मुळशी तालुक्यातील माण गावाचेच पाहू. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा गावाच्या शिवारात आला. क्लाससाठी वाकड किंवा चिंचवड गाठावयाचे, तर हिंजवडीची वाहतूक कोंडी वाटेत उभी असते. घरी परतल्यावर थकलेला विद्यार्थी तोच धडा पुन्हा वाचतो. वाचताना सारे समजल्यासारखे वाटते. सराव परीक्षेत मात्र काही आठवत नाही आणि धीर सुटतो.

याचे कारण संशोधकांनी दाखविले आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. आठवून लिहिणे जड जाते. पण टिकते तेच. बसमधील वेळही अशा आठवणीसाठी वापरता येतो. काल न आलेली पाच सूत्रे आज आली, तर ती वहीत नोंदवावी. ही वहीच उद्याची उमेद होय.

परीक्षेचे स्वरूप समजल्यानेही भीती कमी होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटात एकूण 200 गुण असतात. पैकी 100 एकट्या गणिताचे. सुमारे 80 टक्के भर बारावीवर व 20 टक्के अकरावीवर असतो. तेव्हा ‘अकरावी कच्ची राहिली, आता सारे संपले’ हा समज खरा नाही. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडू नये. तसेच पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 90 पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातील 90 टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा कमी. सराव परीक्षेत 60 टक्के गुण पडले म्हणून निकाल 60 पर्सेंटाइलच लागेल, असे मानून खचू नये.

पालकांना आमची विनंती अशी की, ‘किती तास बसलास?’ याऐवजी ‘आज नवे काय जमले?’ असे विचारावे. शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. झोप तोडून अभ्यास करू देऊ नये. वाचलेले मनात पक्के होण्यास झोप लागतेच.

मुलगा वा मुलगी अबोल झाली, जेवण-झोप बिघडली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर तो प्रश्न अभ्यासाचा राहत नाही. अशा वेळी उपदेश न करता जवळ बसावे, ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

महाविद्यालयाच्या वाटा अनेक आहेत. आपले मूल मात्र एकच आहे, हे निकालाच्या दिवशीही आपण सर्वांनी स्मरणात ठेवू या.