नक्षीपट्टी, लाकडी

लाकडाच्या पट्टीची कड किंवा दर्शनी पृष्ठ सर्व लांबीभर एकाच छेदाकृतीत कोरून तयार केलेल्या शोभिवंत पट्टीला लाकडी नक्षीपट्टी म्हणतात. बांधकामाच्या व्यवहारात हिला मोल्डिंग, तर बारीक पट्टीला बीडिंग असे म्हणतात. भिंत व छत यांचा सांधा, दारे-खिडक्यांच्या चौकटी, तावदाने, तसबिरी, कपाटे आणि देवघरे यांच्या कडांवर या पट्ट्या बसवितात. त्यांचा उपयोग केवळ शोभेचा नसतो. दोन भागांमधील फट झाकणे, तीक्ष्ण कडा बोथट करणे व सांध्यातील लाकडाच्या आकुंचन-प्रसरणास वाव देणे, हीही त्यांची कार्ये आहेत. छेदाकृती कितीही गुंतागुंतीची दिसली, तरी ती सपाट पट्टा, बहिर्गोल, अंतर्गोल व या दोन गोलाईंच्या जोडणीतून बनलेला नागमोडी आकार या थोड्या मूळ घटकांची बनलेली असते. रोमन परंपरेत हे घटक वर्तुळाच्या कंसांवर, तर ग्रीक परंपरेत बहुधा शांकव वक्रांवर आधारलेले असत.

इतिहास : पूर्वी प्रत्येक आकारासाठी वेगळा रंधा वापरीत. रंध्याच्या तळाला व पात्याला हव्या असलेल्या आकाराची उलट आकृती दिलेली असे. त्यामुळे सुताराजवळ डझनावारी रंधे साठत. 1793 मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांनी लाकूडकामाच्या यंत्रांचे विस्तृत एकस्व घेतले व त्यात फिरत्या कर्तकाची कल्पना मांडली. एकोणिसाव्या शतकात उभ्या आसावर कर्तक फिरविणारी यंत्रे कारखान्यांत रूढ झाली. विजेवर चालणारे, हातात धरावयाचे राउटर हे यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अमेरिकेत प्रचारात आले. पुढे ते टेबलाखाली उलटे टांगून वापरण्याची पद्धत पडली. तीत यंत्र स्थिर राहते व लाकूड सरकविले जाते.

नागपूर परिसर : नागपूरच्या पूर्वेस व दक्षिणेस असलेल्या चंद्रपूर, गडचिरोली व गोंदिया या जिल्ह्यांतील सागवानामुळे हे शहर लाकडाच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. शहरातील लकडगंज या भागाचे नाव या व्यापाराची साक्ष देते. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे (स्थापना 1974) मुख्यालयही नागपूर येथे आहे. 2023 मध्ये उद्‌घाटन झालेल्या दिल्ली येथील नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान नेण्यात आले. लाकडी कोरीवकामाची येथील परंपरा भोसलेकालीन आहे. काळ्या बेसाल्टचा व विपुल लाकडी नक्षीकाम असलेला भोसल्यांचा राजवाडा 1864 मध्ये आगीत भस्मसात झाला. महाल भागातील चिटणवीस वाड्यासारख्या वास्तूंत मात्र त्या काळच्या सुतारकामाचे नमुने पाहावयास मिळतात. अशा जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत एक अडचण नेहमी येते. तुटलेल्या किंवा वाळवीने खाल्लेल्या पट्टीचा आकार बाजारातील तयार पट्टीशी जुळत नाही. दहा-बारा फूट लांबीच्या पट्टीसाठी खास कर्तक घडवून घेणे लहान कारागिराला परवडत नाही. आणि मग संपूर्ण चौकटच काढून टाकली जाते. घरगुती बनावटीचे कलते राउटर टेबल या अडचणीवरील एक सोपा उपाय होय.

तत्त्व : फिरणारा कर्तक हा भूमितीच्या दृष्टीने परिभ्रमणाने निर्माण झालेला घन असतो. लाकूड त्यासमोरून सरळ रेषेत सरकविले असता त्याच्या कडेवर कर्तकाची त्या दिशेने दिसणारी बाह्यरेषा उमटते. कर्तकाचा आस लाकडाच्या गतीला समांतर असलेल्या अक्षाभोवती कलविला, तर ही बाह्यरेषा न बदलता तेवढ्याच कोनातून फिरते. परंतु लाकडात शिरणारा तिचा भाग बदलतो. त्यामुळे सरळ कर्तकाने काटकोनी खाचेऐवजी उतरती कड मिळते. पाव वर्तुळाच्या कर्तकाचा एक टोकाकडील अंश वगळला जाऊन उथळ गोलाई व सोबत एक धार उमटते. नागमोडी कर्तकाचा वक्र एका कलात चपटा, तर दुसऱ्या कलात खोल दिसतो. अर्धगोल टोकाच्या कर्तकाचा कंस मात्र कलविल्याने बदलत नाही. तो केवळ आडबाजूच्या, एरव्ही न पोहोचता येणाऱ्या जागी नेता येतो. अशा रीतीने चार-पाच कर्तक, निरनिराळे कल व निरनिराळ्या उंची यांच्या मेळाने पुष्कळ आकार साधतात. मोठ्या कारखान्यांतील कलत्या आसाच्या यंत्रांचेही तत्त्व हेच आहे.

रचना : टेबलाचा सांगाडा साधारणतः 18 मिमी. जाडीच्या प्लायवूडचा करतात. राउटर 6 मिमी. जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा तशाच कणखर फळीवर बसवून तो एका झुलत्या चौकटीत अडकवितात. चौकटीच्या दोन्ही बाजूंस पाव वर्तुळाकार फळ्या असून त्यांतील वक्र खाचांतून बोल्ट गेलेले असतात. हवा तो कल आल्यावर दोन्हीकडील बोल्ट घट्ट आवळतात. एकच बाजू आवळल्यास चौकट पिळवटते व कल बिघडतो. उंची बदलण्यासाठी आटे पाडलेला गज लावतात, 10 मिमी. व्यासाच्या नेहमीच्या गजाचा आटा 1.5 मिमी. अंतराचा असल्याने एका फेऱ्यास कर्तक तेवढाच वर येतो.

या रचनेत सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कलण्याच्या अक्षाची जागा. हा अक्ष टेबलाच्या पृष्ठाच्या पातळीत व मार्गदर्शक पट्टीच्या रेषेलगत असावा. तो पृष्ठाखाली 100 मिमी. असेल, तर 15° कलास कर्तक पृष्ठावर सुमारे 27 मिमी. बाजूला सरकतो. मग टेबलातील छिद्र तितके रुंद ठेवावे लागते व अरुंद लाकडाची कड त्यात घसरण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून बिजागरी शक्य तितकी वर बसवितात आणि छिद्राभोवती वेगवेगळ्या मापांच्या बदलत्या चकत्या ठेवतात. प्रत्येक बदलानंतर कोन तिरकस गुण्याने तपासणे इष्ट असते.

कृती : मूळ पट्टीच्या तुटलेल्या टोकावरून तिची छेदाकृती जाड कागदावर पूर्ण मापात उतरवून घेतात. तिचे कंस व सरळ रेषा वेगळ्या करून प्रत्येक भागास कोणता कर्तक, किती कल व किती उंची लागेल हे ठरवितात. प्रथम हलक्या लाकडाच्या तुकड्यावर चाचणी घेतात. मोठी खोली एकाच वेळी न काढता दोन-तीन फेऱ्यांत काढतात व शेवटची फेरी अर्ध्या ते एक मिमी. खोलीची ठेवतात. अरुंद पट्टी कर्तकासमोरून नेण्याऐवजी रुंद फळीच्या कडेवर आकार पाडून नंतर ती पट्टी चिरून वेगळी करणे अधिक सुरक्षित असते. दर मिनिटाला 18,000 फेरे घेणाऱ्या दोनधारी कर्तकासमोरून लाकूड मिनिटाला 3 मी. वेगाने सरकविल्यास लागोपाठच्या दोन कापांतील अंतर सुमारे 0.08 मिमी. पडते व पृष्ठ गुळगुळीत निघते. फार सावकाश सरकविल्यास घर्षणाने लाकूड करपते. सागवानात सिलिकेचा अंश असल्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडच्या धारेचे कर्तक वापरतात.

सुरक्षितता : 50 मिमी. व्यासाचा कर्तक दर मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरविल्यास त्याच्या कडेची गती ताशी सुमारे 207 किमी. होते. म्हणून मोठ्या कर्तकासाठी फेरे सुमारे 12,000 पर्यंत कमी करतात. टेबलाखाली उलट्या टांगलेल्या राउटरचा कर्तक वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. मार्गदर्शक पट्टी मागे असता लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे कर्तकाच्या गतीविरुद्ध सरकवावे लागते. उलट दिशेने सरकविल्यास लाकूड हातातून ओढले जाऊन बोटे कर्तकावर जातात. कर्तक व मार्गदर्शक पट्टी यांच्यामध्ये लाकूड अडकेल अशी मांडणी कधीही करू नये. दातेरी दाबपट्टी व ढकलकाठी यांचा वापर करावा, आणि कल किंवा कर्तक बदलण्यापूर्वी विजेची जोडणी काढून ठेवावी. कलत्या टेबलावर कर्तकाचा काही भाग नजरेआड राहतो. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी तो हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहतात. लाकडाची धूळ ही मानवात कर्करोग उत्पन्न करणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये नमूद केले आहे. त्यामुळे धूळ ओढून घेणारी नळी, नाकावरील मुखवटा व कानांचे संरक्षण ही आवश्यक साधने होत.

हवामान व बसवणी : नागपूरचा उन्हाळा अत्यंत कोरडा व उष्ण असतो, येथे मे 2013 मध्ये 47.9° से. तापमान नोंदले गेले. पावसाळ्यात मात्र हवा दमट होते. या फेरबदलांत लाकूड आडव्या दिशेने आकुंचन व प्रसरण पावते. लांबीत होणारा फरक नगण्य असतो. 100 मिमी. रुंदीच्या सागवानी फळीचा जलांश सहा टक्क्यांनी घटल्यास तिची रुंदी सुमारे 1 मिमी.ने कमी होऊ शकते. यामुळे 45° कापाचे कोपऱ्यातील सांधे उन्हाळ्यात आतल्या बाजूने, तर पावसाळ्यात बाहेरच्या बाजूने उघडतात. यासाठी लाकूड नीट सुकवून, ज्या जागी बसवावयाचे तेथील हवेत काही दिवस ठेवून मगच त्यावर आकार पाडतात. रुंद पट्टी दोन्ही कडांनी न ठोकता एकाच कडेने बसवितात, म्हणजे ती तडकत नाही.

प्लायवूड, मध्यम घनतेचे तंतुफलक व पॉलिस्टायरीन यांच्या तयार पट्ट्या स्वस्त असल्याने नव्या घरांत सागवानी पट्टीचा वापर घटला आहे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत मात्र तिला पर्याय नाही. मोजक्या कर्तकांनी मूळ आकार जुळवून देणारे कलते टेबल कारागीर स्वतः बनवू शकत असल्यामुळे चौकटीतील हातभर पट्टी खराब झाली म्हणून सबंध चौकट टाकून देण्याची वेळ टळते.