मांजराच्या हृदयाचे ठोके

बैल आजारी पडला की वैरणीवरून मान फिरवितो, कुत्रा कण्हतो. मांजर मात्र पोत्याआड जाऊन निजते, आणि घरची मंडळी म्हणतात, उंदरावर टपून बसले असेल. या मुक्या स्वभावामुळेच मांजरांच्या हृदयविकाराविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

त्यांत सर्वांत अधिक आढळणारा विकार हृदयाच्या स्नायूचा. डावीकडील खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते आणि त्यात पुरेसे रक्त भरत नाही. इंग्लंडातील निराश्रित मांजरांच्या आश्रयगृहांत, वरकरणी धडधाकट अशा मांजरांची जी तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तीत शंभरांत सुमारे पंधरांस हा विकार निघाला. पुष्कळांस त्याचा जन्मभर उपद्रव होत नाही. काहींचे ठोके मात्र एकाएकी बिघडतात. मांजर भोवळ येऊन पडते, क्वचित जागीच मरते.

हे बिघडलेले ठोके हाती लागणे कठीण. पशुवैद्य एक हात छातीवर आणि दुसऱ्या हाताची बोटे मागील मांडीच्या आतल्या अंगास ठेवतात. छातीत ठोका लागला, पण मांडीत नाडी उमटली नाही, की संशय येतो. मग ई.सी.जी. काढतात. परंतु दवाखान्याच्या टेबलावर भ्यालेल्या मांजराचे हृदय मिनिटास दोनशेच्या घरात धावते, आणि तीन मिनिटांत कागदावर येतात ते जेमतेम सहाशे ठोके. दिवसभरात तेच हृदय दोन लाखांहून अधिक ठोके देते! चुकणारा ठोका नेमका त्या सहाशांतच सापडावा कसा?

यासाठी होल्टर नावाचे यंत्र आहे. अमेरिकेतील मोंटाना प्रांताचे नॉर्मन होल्टर यांनी ते माणसांसाठी काढले. त्यांचे पहिले यंत्र सुमारे ८५ पौंडांचे, पाठीवर वाहून न्यावे लागे. आता ते इतके लहान झाले आहे की, छातीवरचे केस काढून तारा चिकटवितात आणि वर बंडी घालून मांजरास घरी धाडतात. चोवीस तासांचा प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो. घरच्यांनी फक्त एक वही ठेवावयाची: केव्हा निजले, केव्हा खाल्ले, केव्हा अडखळले. त्या वहीवाचून यंत्राचा आलेख अर्धा मुकाच राहतो, असे आमचे मत आहे. ठोके फारच बिघडलेले दिसले, तर औषध द्यावे की नाही हे पशुवैद्य त्यावरून ठरवितात.

खेड्यातील गुरांच्या दवाखान्यात हे यंत्र मिळेल अशी आशा धरू नये. पण विकार ठाऊक असलेल्या मांजराचे श्वास कोणासही मोजता येतात. ते गाढ निजले असता छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. असे पूर्ण मिनिटभर मोजावे. तीसपर्यंत ठीक. वारंवार तीसांवर जाऊ लागले, तर फुप्फुसांत किंवा त्यांच्याभोवती पाणी साठत असण्याचा संभव असतो. तोंड उघडून धापा टाकू लागले, अथवा मागचे पाय एकाएकी लुळे व थंड पडले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, आणि ती वहीही बरोबर घ्यावी.