एवढासा होकार

उजवा हात झटकन वर उचलून बघा. हात हलला ते तुम्हाला जाणवलं, पण घशाच्या मागे, मणक्यांना चिकटून असलेले काही पातळ स्नायूही त्याच वेळी कामाला लागले, हे कळलंसुद्धा नाही. हात उचलला की डोक्याला हिसका बसणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. तो हिसका पोचण्यापूर्वीच मान सावरलेली असते. दिवसभरात असं किती वेळा होत असेल!

या स्नायूंची नावं लाँगस कोली आणि लाँगस कॅपिटिस. ते इतके खोलवर आहेत की बोटांना सापडत नाहीत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात डेबोरा फाला, ग्वेंडोलिन जुल आणि पॉल हॉजेस यांनी त्यांची विद्युत हालचाल टिपली, तीही नाकातून नळी घालून, घशाच्या मागच्या भिंतीवर इलेक्ट्रोड टेकवून. 2004 साली त्यांनी दाखवलं की, जुनी मानदुखी असलेल्यांमध्ये हे स्नायू उशिरा जागे होतात. अशा मानेत पुढचे मोठे, दिसणारे स्नायू जास्तीचं काम ओढून घेतात आणि थकतात.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी जागा धरून रात्रीपर्यंत मान मोडून अभ्यास करणारी मुलं-मुली पाहिली की हे स्नायू आठवतात. प्रौढ माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोंचं, म्हणजे कणकेच्या मोठ्या पिशवीएवढं. ते सात मणक्यांवर तोललेलं. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच मणके असतात! डोकं पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते धरून ठेवायला जास्त जोर लावावा लागतो. मान 60 अंश वाकली की तिच्यावर 27 किलोंचा भार येतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मणकातज्ज्ञाने संगणकीय प्रतिकृतीवरून काढला होता. जिवंत मानेवर मोजलेला नव्हता.

मग घरोघरी ऐकू येणारं ‘पोक काढू नकोस, ताठ बस’ बरोबर की चूक? पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यात 17 वर्षांच्या अकराशेहून जास्त मुलामुलींच्या बसण्याच्या ढबी मोजल्या. कुणी ताठ, कुणी पोक काढून, कुणी मधल्या ढबीत. मानदुखीचा या ढबींशी ठळक संबंध सापडला नाही. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. दुखणाऱ्या मानेच्या मुलाला त्याच्या बसण्यावरून बोलणं आपण थांबवायला हवं. एकाच ढबीत तासन्‌तास राहण्यापेक्षा ढब बदलत राहणं, अधूनमधून उठून चार पावलं चालणं बरं.

या खोल स्नायूंना शिकवता येतं. पाठीवर झोपा, डोक्याखाली घडी घातलेला पातळ टॉवेल. आता कुणाला हळूच ‘हो’ म्हणावं तशी हनुवटी किंचित आत घ्या. डोकं उचलायचं नाही, फक्त त्याची मागची बाजू टॉवेलवरून टाळूच्या दिशेने जराशी सरकते. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोटं ठेवा. तिथले मोठे स्नायू टणक झाले तर जोर जास्त लागला, हालचाल आणखी लहान करा. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, आणि असं दहा वेळा. फिजिओथेरपिस्ट मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिच्यातला दाब (मिलिमीटर पाऱ्यात) 20 वरून दोन-दोन अंकांनी 30 पर्यंत न्यायला सांगतात. काटा फक्त दहा अंक चढवायचा असतो, पण दुखऱ्या मानेला तेवढंही जड जातं.

फाला यांनी 2007 मध्ये पुढची गोष्ट दाखवली. सहा आठवडे हा होकाराचा व्यायाम केलेल्या मानदुखीच्या रुग्णांना नंतर संगणकावर दहा मिनिटं काम दिलं. लक्ष कामात गुंतलेलं असतानाही त्यांचं डोकं आधीइतकं पुढे सरकत नव्हतं.

हातात मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, मार लागल्यानंतर दुखत असेल किंवा सोबत ताप असेल, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर.

बाकीच्यांसाठी डेन्मार्कमधला 2011 चा प्रयोग सांगायलाच हवा. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसांना रबरी पट्टी ओढून हात बाजूला उचलायला सांगितलं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाला रोज बारा मिनिटं, दुसऱ्याला फक्त दोन. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं, आणि ते जवळपास सारखंच.