सुट्टीनंतर बॉल कोणाच्या हातात?

आधीच सांगून टाकते, हा लेख बेसबॉलवर आहे. एवढं वाचून निम्म्या लोकांनी पान उलटलं असेल. जे उरले त्यांच्यासाठी दुसरी कबुली : माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी संपादकांची!

बेसबॉलशी माझी ओळख झाली ती सॉफ्टबॉलमुळे. शाळेच्या टीममध्ये मी पिचर होते. आठवीत असताना एका स्पर्धेत दोन दिवसांत चार मॅचेस झाल्या आणि चारही मॅचेस मीच टाकल्या, कारण दुसरं कोणी नव्हतंच. फायनल जिंकलो, कप मिळाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला माझी वेणी घालता येईना. हात खांद्याच्या वर जायलाच तयार नाही. शेवटी आईने वेणी घातली. सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालून टाकतात, त्यामुळे हाताला काही होत नाही, असं सगळे सांगतात. त्या दिवसापासून माझा त्यावर विश्वास नाही.

आता हे सगळं का सांगते आहे? कारण यंदा कॉलेजच्या मुलींच्या टीमची कॅप्टन मी आहे. मिड-सेमची गॅप संपली की लगेच स्पर्धा आहे आणि आमच्याकडे धड पिचर एकच, ती पण एफ.ई.ची. तिला कधी, किती टाकायला लावायचं हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. तेव्हा विचार केला, ज्या लोकांचा हाच रोजचा धंदा आहे ते काय करतात ते तरी बघू. म्हणून अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलबद्दल वाचायला बसले. वाचता वाचता सबमिशन राहिलं, पण ते असो.

पाच जणांची रांग

मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत आणि प्रत्येक टीम एका सीझनमध्ये १६२ मॅचेस खेळते. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज एक मॅच! (त्यांच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात. हॉस्टेलवर एवढ्या पहाटे जागा असलेला माणूस एक तर अभ्यास करत असतो किंवा झोपलेलाच नसतो.)

मॅचची सुरुवात जो करतो त्याला स्टार्टर म्हणतात. तो ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगाने नव्वद-शंभर बॉल टाकतो आणि साधारण पाच-सहा इनिंग झाल्या की बाहेर पडतो. पुढचं काम रिलीव्हर करतात. ते ज्या जागी वॉर्मअप करतात तिला बुलपेन म्हणतात. एकदा शंभर बॉल टाकल्यावर स्टार्टरला पुढचे चार दिवस विश्रांती लागते. म्हणून प्रत्येक टीम पाच स्टार्टर ठेवते आणि ते आळीपाळीने टाकतात. याला म्हणतात रोटेशन.

कॉम्प्युटरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आपण राउंड रॉबिन शिकतो ना, तेच. आपला नंबर आला, काम केलं, पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. बाकीच्या ब्रँचसाठी : मेसची लाइन डोळ्यांसमोर आणा.

ही पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्स टीमच्या चार्ल्स रॅडबोर्नने एकट्याने एका सीझनमध्ये ६७८ इनिंग टाकल्या होत्या. पुढे अनेक वर्षं चार जणांचं रोटेशन चाललं. १९७१ च्या बाल्टिमोर ओरिओल्सचे चार पिचर तर प्रत्येकी वीस-वीस मॅचेस जिंकले. त्यानंतर पाच जणांची पद्धत रुळली. जपानमध्ये सहा जण असतात, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून एकच मॅच. थोडक्यात, हाताला किती विश्रांती हवी याचं उत्तर काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलत आलंय.

सुट्टीची खरी गंमत

जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार मॅच होते. १९३३ पासून ही प्रथा आहे. त्यासाठी सगळ्या लीगला बहुतेक सोमवार ते गुरुवार अशी चार दिवस सुट्टी असते आणि शुक्रवारी सीझन पुन्हा सुरू होतो.

आता जरा गणित बघा. समजा, सुट्टीआधीच्या बुधवारी अ, गुरुवारी ब, शुक्रवारी क, शनिवारी ड आणि रविवारी इ, असे पाच जणांनी टाकलं. एरवी सोमवारी कोण टाकणार? फक्त अ. बाकी कोणाचे चार दिवस पुरे झालेले नसतात. मॅनेजरला निवड करायला जागाच नाही, रांग त्याला ओढत नेते. पण सुट्टीनंतरच्या शुक्रवारी बघा. रविवारी टाकलेल्या इ चे सुद्धा सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे बरोबर चार दिवस भरलेले असतात. म्हणजे पाचच्या पाच जण तयार!

मला वाचताना सगळ्यात जास्त मजा इथे आली. पाच जणांचे क्रम किती होऊ शकतात? पाच फॅक्टोरियल, म्हणजे १२०. पाचही जण एकाच दिवशी मोकळे असण्याचा योग सीझन चालू असताना सहसा याच वेळी येतो. शुक्रवारी पहिला बॉल पडला की रांग पुन्हा सुरू आणि तुम्ही पुन्हा तिचे गुलाम.

मग हे १२० कमी कसे करायचे? पहिला नियम सरळ आहे. उरलेल्या मॅचेसना पाचने भागून बाकी उरत असेल, तर ज्यादा मॅच रांगेत पुढे असलेल्यांना मिळते. म्हणून सगळ्यात चांगला पिचर शक्यतो पुढे. दुसरं, ऑल-स्टार मॅचमध्ये मंगळवारी कोणी टाकलं असेल तर त्याला शुक्रवारी उभं करत नाहीत, रविवारी किंवा त्यानंतर आणतात. आपला पिचर तिथे दमू नये ही काळजी सगळ्यांनाच असते. २००२ मध्ये मिलवॉकीला ऑल-स्टार मॅच अकराव्या इनिंगपर्यंत लांबली, दोन्हीकडचे पिचर संपले आणि ७-७ अशी बरोबरीत सोडून द्यावी लागली! तिसरं, एकसारखी बॉलिंग करणारे दोघं शक्यतो लागोपाठ ठेवत नाहीत. एक डावखुरा असेल तर त्याला मध्ये घालतात, म्हणजे समोरच्या बॅटरना सवय होत नाही.

आणि चौथं म्हणजे थकवा. ज्याचा हात दमलाय त्याला शेवटी ठेवायचं. वरच्या उदाहरणात अ ला पाचवा नंबर दिला तर तो थेट मंगळवारी येतो, मध्ये तब्बल १२ दिवस विश्रांती. पण जास्त विश्रांतीचा तोटा पण आहे. व्हायवाच्या आधी पंधरा दिवस पुस्तक उघडलं नाही तर काय होतं? तसंच पिचरचं. हात ताजा, पण बॉल हवा तिथे पडत नाही. म्हणून मधल्या दिवसांत त्याला बुलपेनमध्ये थोडे बॉल टाकायला लावतात.

वॉशिंग्टनचा पेच

इथपर्यंत सगळं कोड्यासारखं वाटतं. पण २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सपुढे जो प्रश्न आला तो नुसता गणिताचा नव्हता.

त्यांच्याकडे स्टीफन स्ट्रासबर्ग नावाचा पिचर होता. २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला. जून २०१० मध्ये पहिल्याच मॅचमध्ये त्याने १४ बॅटरना स्ट्राइकआउट केलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं की शरीरातला दुसरीकडचा स्नायूबंध काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर हे पहिल्यांदा केलं. टॉमी जॉन त्यानंतर आणखी १६४ मॅचेस जिंकला, म्हणून ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं.

२०१२ हा स्ट्रासबर्गचा ऑपरेशननंतरचा पहिला पूर्ण सीझन. टीमचे जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी ठरवलं होतं की यंदा त्याच्या इनिंगना मर्यादा ठेवायची. आदल्या वर्षी याच ऑपरेशनमधून उठलेल्या जॉर्डन झिमरमनला त्यांनी १६१ इनिंगनंतर थांबवलं होतं. आता गंमत अशी की २०१२ च्या सुट्टीपर्यंत ही टीम ४९ जिंकून, ३४ हरून नॅशनल लीगमध्ये सगळ्यात पुढे होती!

आता हिशेब करा. ८३ मॅचेस झाल्या, ७९ उरल्या. पाचने भागा : प्रत्येकाला १५ आणि पहिल्या चौघांना आणखी एकेक. स्ट्रासबर्गच्या सुट्टीपर्यंत जवळपास १०० इनिंग झाल्या होत्या. रोटेशनप्रमाणे पुढे १६ मॅचेस, प्रत्येकी ६ इनिंग धरल्या तर ९६. एकूण १९६! मर्यादा झिमरमनइतकी, म्हणजे १६० च्या आसपास धरली तर उरतात ६० इनिंग, म्हणजे फक्त १० मॅचेस. आणि खरी परीक्षा, म्हणजे बाद फेरी, ऑक्टोबरमध्ये.

तेव्हा रस्ते तीन होते. एक, त्याला नेहमीसारखं टाकू द्यायचं आणि मर्यादा आली की बंद. दोन, सुट्टीनंतर त्याला उशिरा आणायचं, मध्ये मध्ये नंबर चुकवायचा आणि उरलेल्या इनिंग ऑक्टोबरसाठी राखायच्या. तीन, सहावा पिचर घेऊन सगळ्यांचीच रांग लांबवायची. बाहेरचे बरेच लोक दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने होते. टीमचं म्हणणं, थांबवून पुन्हा सुरू करणं हे नव्या लिगामेंटसाठी जास्त धोक्याचं. त्यांनी पहिला रस्ता घेतला. ७ सप्टेंबरला तो शेवटचा उतरला, तीन इनिंग टाकल्या, आणि १५९ इनिंग व वर एक आउट या आकड्यावर त्याचा सीझन संपला.

टीम ९८ मॅचेस जिंकून बाद फेरीत गेली. १२ ऑक्टोबरला सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध पाचव्या, निर्णायक मॅचमध्ये ६-० ने पुढे होती. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला ७-५. आणि ९-७ ने हरली. स्ट्रासबर्ग बाहेर बसलेला. लोकांनी रिझोंना किती बोल लावले असतील, कल्पना करा.

दुसरं उत्तर

त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्हजकडे ख्रिस मेडलन होता. त्याचं पण कोपर, ऑपरेशन पण २०१० चंच. पण त्याच्याकडून मेजर लीगमध्ये जुलैअखेरपर्यंत फक्त बुलपेनमधून थोडं थोडं टाकून घेतलं आणि ३१ जुलैला रोटेशनमध्ये आणलं. त्याने १२ मॅचेस सुरू केल्या, आणि टीम त्या बाराही जिंकली! ऑक्टोबरला हात ताजा, नंबर त्याचाच. ५ ऑक्टोबरच्या एकाच मॅचच्या बाद फेरीत त्यालाच उतरवलं. समोर तेच कार्डिनल्स. अटलांटा ६-३ ने हरली. आणि मार्च २०१४ मध्ये मेडलनचं तेच कोपर पुन्हा गेलं, दुसरं ऑपरेशन झालं.

म्हणजे एकाने ऑक्टोबरसाठी राखला नाही, तो हरला. दुसऱ्याने राखला, तो पण हरला. स्ट्रासबर्गचं पुढे काय झालं? २०१९ मध्ये वॉशिंग्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली, स्ट्रासबर्ग त्या बाद फेरीत पाच मॅचेस जिंकला आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वाचून मला वाटलं, चला, रिझो बरोबर होते! पण पुढचं पान वाचलं तर त्यानंतरच्या तीन वर्षांत तो सगळ्या मिळून आठच मॅचेस टाकू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला.

मग बरोबर कोण? इतके दिवस वाचूनही मला याचं उत्तर मिळालं नाही. हात किती टिकेल याचा फॉर्म्युला कोणाकडेच नाही. पण एक गोष्ट मात्र पटली. वॉशिंग्टनने निर्णय आधी घेतला, टीम जिंकत असतानाही तो बदलला नाही. फायनलच्या दिवशी, सगळे ओरडत असताना, "अजून एक मॅच टाकशील ना?" असं पिचरला विचारलं तर ती "हो" च म्हणणार. मी पण आठवीत "हो" च म्हटलं होतं. म्हणून हा प्रश्न सुट्टीत विचारायचा, जेव्हा सगळे मोकळे असतात आणि कप डोळ्यांसमोर नसतो.

तर आमचं ठरलंय. आमच्या एफ.ई.च्या पिचरला मी आकडा आधीच सांगितलाय : स्पर्धेत रोज एकच मॅच, त्यापेक्षा एक बॉल जास्त नाही, फायनल असली तरी. दुसरी मॅच मी टाकणार. चार वर्षं पिचिंग केलेलं नाही, सध्या फर्स्ट बेसवर असते, त्यामुळे पहिल्या दिवशी धावांचा पाऊस पडणार हे नक्की. म्हणून गॅपमध्ये रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवर थोडे थोडे बॉल टाकते आहे. त्या आवाजाने ज्यांची झोपमोड होते त्यांनी माफ करावं.

ती आकडा ऐकून जरा नाराज झाली. म्हणाली, "ताई, मी टाकू शकते." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच."