धावपट्टी आहे, पण मुंबईतलं मिनिट कुठाय?

आरोंद्याहून विमान धरायला दोन वाटा आहेत. एक किरणपाणीच्या पुलावरून तेरेखोल ओलांडते आणि गोव्याच्या पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर जाते. दुसरी शिरोडा, वेंगुर्ला करत परुळ्याजवळच्या चिपीच्या सड्यावर. चिपी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, तरी मुंबईच्या विमानांची निवड मोपावर कितीतरी जास्त. याचं कारण लोक चिपीत शोधतात. माझ्या मते ते सांताक्रूझ-अंधेरीच्या धावपट्टीवर सापडतं.

चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. अडीच हजार मीटरची धावपट्टी तयार होती, ‘उडान’ योजनेतून अलायन्स एअरचं सत्तरेक आसनांचं एटीआर विमान मुंबईहून येऊ लागलं आणि चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्यांना एसटी-रेल्वेपलीकडचा तिसरा पर्याय मिळाला. योजनेतली सरकारी मदत तीन वर्षांची असते. ती मुदत सरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सेवा थांबली. मदत गेली, हे कारण खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजायला ‘स्लॉट’ म्हणजे काय ते पाहावं लागतं.

विमान उतरायला किंवा उडायला विमानतळ जी ठरावीक वेळ नेमून देतो, तो स्लॉट. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर या विमानतळाने २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा करून दाखवली. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. एक उतरून धावपट्टीबाहेर पडतंय तोवर दुसरं उडायला उभं, आणि तिसरं समुद्रावरून खाली येतंय. एखाद्याने अर्धं मिनिट जास्त घेतलं तरी मागची सगळी रांग आकाशात घिरट्या घालत इंधन जाळते. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने गर्दीच्या तासांची मर्यादा ४६ वरून ४४ वर आणली. शिवाय नुसती धावपट्टी मिळून भागत नाही. विमान उभं करायला पार्किंग बे हवा, टर्मिनलमध्ये काउंटर हवेत, प्रवाशांना गेट हवं.

आता ही मिनिटं वाटतात कशी? वर्षाचे दोन हंगाम धरतात, उन्हाळी आणि हिवाळी. जगभर बहुतेक गजबजलेल्या विमानतळांवर नियम एकच: कंपनीने दिलेल्या वेळा किमान ८० टक्के वापरल्या, की पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्या तिच्याच. नव्याने येणाऱ्याला उरलंसुरलं. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याकडे राहावी तसंच हे, फक्त इथे नवं शेत पाडता येत नाही. लंडनच्या हीथ्रोवर तर अशा वेळा विकल्या जातात. २०१६ मध्ये ओमान एअरने तिथल्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याची बातमी गाजली होती. आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तिच्या मुंबई-दिल्लीच्या रिकाम्या वेळांवर इतर कंपन्यांची अक्षरशः झुंबड उडाली.

सिंधुदुर्गाचं दुखणं इथेच आहे. धावपट्टीला विमानाची आसनं मोजता येत नाहीत. सत्तर प्रवाशांचं एटीआर आणि १८० प्रवाशांचं एअरबस, दोघांनाही एकेक स्लॉट लागतो. त्या मिनिटात कंपनी चिपीला सत्तर माणसं नेईल की मोपाला किंवा दिल्लीला १८०? हिशेब कुणीही करावा. कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचं ते कामच आहे. पण मुंबईतल्या मिनिटांचं वाटप सरकारी नियमांखाली होतं, आणि त्यात नुसता तिकिटांचा गल्ला पाहिला जावा हे मला मान्य नाही. मुंबईच्या गिरण्यांपासून कचेऱ्यांपर्यंत ज्या जिल्ह्याने माणसं दिली, त्याचा त्या शहराच्या धावपट्टीवर दिवसातल्या दोन-चार मिनिटांचा हक्क नक्कीच आहे.

वेळेची किंमत काय असते ते आरोंदेकरांनी शेजारी पाहिलंय. गोव्यातला जुना दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले. ५ जानेवारी २०२३ ला मोपावर प्रवासी विमानं सुरू झाली आणि तिथे हवी ती वेळ मिळू लागली. पुढच्या वर्षी कतार एअरवेजने दाबोळी सोडून मोपा धरलं. प्रवासी धावपट्टी पाहून येतात असं आपण समजतो, खरं तर ते सोयीची वेळ पाहून येतात. दुपारी दोनचं विमान मिळालं तर मुंबईतलं काम त्या दिवशी होत नाही, आणि मग सावंतवाडीहून रात्रीची गाडीच बरी वाटते.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. तिथे कुणाचा वर्षानुवर्षांचा हक्क नाही, वेळापत्रक अजून भरायचंय. पहिल्या काही हंगामांत जी कंपनी जी वेळ चालवेल, ती पुढे तिच्याकडेच राहण्याची शक्यता मोठी. म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा वेळा कोकणासाठी राखून ठेवाव्यात, त्या कमी आसनांच्या विमानांनाच द्याव्यात आणि कंपनीने सेवा सोडली तर वेळ दुसऱ्या कोकणी मार्गालाच मिळावी, ही मागणी आमदार-खासदारांनी आत्ताच लेखी लावून धरायला हवी. प्रत्येक हंगामाचं वाटप काही महिने आधीच ठरतं. चतुर्थी तोंडावर आल्यावर पत्रं लिहून काही मिळायचं नाही.