लोकप्रिय कॅमेरा आणि उत्तम कॅमेरा

भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून जबलपुरास परतलेले पाहुणे मला हटकून विचारतात, “कोणता कॅमेरा घ्यावा?” बहुतेक अंकीय छायाचित्रांच्या पोटातच कॅमेऱ्याचे नाव नोंदलेले असते. अशा नोंदी मोजून ‘फ्लिकर’ हे संकेतस्थळ लोकप्रियतेचा क्रम लावते. २०११ साली तेथे निकॉन डी-९० या मोठ्या कॅमेऱ्यास मागे सारून आयफोन-४ अग्रस्थानी आला. कारण उघड आहे : फोन सदैव खिशात असतो. परंतु धुवाँधारचे पाणी रेशमासारखे टिपायचे, तर तिपाईवर स्थिर राहून शटर हवे तितके उघडे ठेवणारा कॅमेराच अधिक उपयोगी. तेव्हा श्रोतेहो, ही गणना लोकांची सवय सांगते. महिन्याचा पगार खर्चण्यापूर्वी आपण काय टिपणार, हे आधी ठरवावे.